फ्लोरिडातील घराचा विमा : कंपनीने नूतनीकरण नाकारले आहे, १२० दिवसांत काय काय करावे?

सोनचाफा, २६ जानेवारी २०२५

नमस्कार. आम्ही २०११ पासून टँपाच्या पूर्वेला रिव्हरव्ह्यू येथे राहतो. घर २००६ साली बांधलेले, एकमजली, काँक्रीट ब्लॉकचे असून त्यावरचे शिंगल्सचे (एकावर एक चढवलेल्या चपट्या तुकड्यांचे) छप्पर अजून मूळचेच आहे. मागच्या आठवड्यात विमा कंपनीचे पत्र आले. २४ मे रोजी मुदत संपल्यावर पॉलिसीचे नूतनीकरण होणार नाही, एवढेच त्यात लिहिले आहे आणि कारण म्हणून ‘छपराचे वय’ असे दोन शब्द आहेत. चौदा वर्षांत आम्ही एकही दावा केलेला नाही. ऑक्टोबरमध्ये मिल्टन चक्रीवादळ आले, तेव्हा सासूबाईंना घेऊन आम्ही समुद्रापासून दूर असलेल्या ओकाला शहरात गेलो होतो. परत आलो तेव्हा मागच्या अंगणातला जाळीचा पिंजरा (डास अडवणारा मांडव) मोडून पडलेला होता. तोसुद्धा आम्ही स्वखर्चानेच पुन्हा उभा केला.

२०१९ मध्ये आमचा वार्षिक हप्ता १,८५० डॉलर होता आणि गेल्या वर्षी तो ४,३८० झाला. हप्ता एस्क्रोमधून, म्हणजे कर्जाच्या मासिक रकमेसोबत बँकेकडे जमा होऊन, जात असल्यामुळे कर्जाचा व्याजदर ठरलेला असूनही महिन्याची रक्कम वाढतच गेली. पत्र आल्यानंतर मी तीन ठिकाणी विचारणा केली. एकाने सरळ नकार दिला, दुसऱ्याने अद्याप उत्तर दिलेले नाही आणि तिसऱ्याने ७,१५० डॉलर सांगितले, तेही चक्रीवादळासाठी ५ टक्के डिडक्टिबल ठेवून. घराच्या बांधकामाचा विमा ४,३०,००० डॉलरचा असल्याने वादळात नुकसान झाले, तर पहिले २१,५०० डॉलर आमचे आम्हीच सोसायचे, असा त्याचा अर्थ होतो. १ जूनला वादळांचा हंगाम सुरू होईल. या अनुभवातून जे गेले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ओसरी, २६ जानेवारी २०२५

मी जॅक्सनव्हिलमध्ये सतरा वर्षे विमा एजंट म्हणून काम करतो. माझा व्यवसाय तुमच्या भागात नाही, त्यामुळे मी येथे कोणाला काही विकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट पत्राच्या तारखेची. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार राहत्या घराचे नूतनीकरण नाकारायचे असेल, तर कंपनीने साधारणपणे १२० दिवस आधी लेखी कळवावे लागते, आणि तसे त्यांनी कळवलेले दिसते. हे चार महिने पुष्कळ वाटतात, परंतु छप्पर बदलायचे ठरले तर ते पुरवून वापरावे लागतात. ज्यांच्या घराचे वादळात विम्याच्या कक्षेतले नुकसान झाले आहे, त्यांना आणखी एक संरक्षण आहे : आणीबाणी जाहीर झालेल्या वादळानंतर दुरुस्ती पूर्ण होऊन ९० दिवस होईपर्यंत त्यांची पॉलिसी काढून घेता येत नाही. तुमचा पिंजरा बहुधा पॉलिसीत धरलेलाच नसेल, म्हणून त्याचा आधार तुम्हाला मिळेल असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, एक दिवसही घर विम्याविना राहू देऊ नका. खंड पडला की कर्ज देणारी बँक स्वतः विमा उतरवते आणि त्याचा खर्च तुमच्या खात्यावर टाकते. तो विमा महाग असतो आणि मुख्यतः बँकेच्या कर्जाचे रक्षण करतो. तुमचे सामान किंवा तुमची जबाबदारी त्यात धरलेली नसते. शिवाय एकदा खंड पडला की पुढची कंपनी त्याबद्दल विचारतेच.

कंपन्या का निघून गेल्या, हे समजून घेतल्यास त्यांचे डोळे कशावर आहेत तेही कळते. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळ होमस्टेडवरून गेले आणि त्यानंतर अनेक कंपन्या बुडाल्या. राज्याने १९९३ मध्ये चक्रीवादळ आपत्ती निधी उभारला, आणि मोठ्या राष्ट्रीय कंपन्यांनी आपला धोका वेगळा काढण्यासाठी केवळ फ्लोरिडापुरत्या उपकंपन्या स्थापन केल्या. त्यामुळे दूरदर्शनवर जाहिरात दिसते ती कंपनी आणि तुमच्या पॉलिसीवर नाव असते ती कंपनी या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या संस्था असू शकतात. उरलेली जागा लहान स्थानिक कंपन्यांनी घेतली. त्यांच्याकडे स्वतःचे भांडवल कमी असल्याने त्या आपल्या धोक्याचा पुनर्विमा, म्हणजे दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे आपलाच विमा, उतरवतात, त्याचे करार बहुतेक १ जूनला नव्याने होतात, आणि पुनर्विमा महागला की तो भार थेट आपल्या हप्त्यावर येतो.

त्यात खटल्यांची भर पडली. देशातील घरविम्याच्या एकूण दाव्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी दावे फ्लोरिडात होत असताना अशा दाव्यांवरून झालेल्या खटल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश खटले याच राज्यात चालत होते. दारोदार फिरून ‘तुम्हाला छप्पर फुकट करून देतो’ असे सांगणाऱ्या कंत्राटदारांनी लोकांकडून दाव्याचे हक्क लिहून घेतले आणि कंपन्यांवर खटले भरले. त्याचा राग आज प्रत्येक जुन्या छपरावर निघतो आहे. २०२२ मध्ये सेंट जॉन्स, अवतार, सदर्न फिडेलिटी, वेस्टन आणि फेडनॅट या कंपन्या बुडाल्या, पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये युनायटेड प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी गेली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फार्मर्सने आपल्या नावाच्या पॉलिसी राज्यात बंद करत असल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२२ च्या विशेष अधिवेशनात कायदा बदलला. दाव्याचे हक्क कंत्राटदाराला लिहून देण्याची सोय नव्या पॉलिसींपुरती संपली, आणि खटला जिंकणाऱ्या ग्राहकाच्या वकिलाची फी कंपनीने भरावी हा नियमही गेला. त्यानंतर काही नव्या कंपन्या राज्यात आल्या आहेत, म्हणून दोन वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमची स्थिती बरी आहे. मात्र त्यांना घर चांगले हवे आहे, आणि ते चांगले आहे हे कागदावर दिसायला हवे आहे.

म्हणून दर मागवत फिरण्याआधी घराची तपासणी करून घ्या. तपासणीचा अहवाल हाती नसताना मागवलेला दर कंपनी तुमचे घर सर्वांत वाईट आहे असे धरूनच सांगते.

उंबरठा, २७ जानेवारी २०२५

ओसरी यांच्या शेवटच्या वाक्याला मी पूर्ण दुजोरा देतो. मी ओरलँडोत स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि अशा अनेक घरांच्या माळ्यावर चढून पाहिलेले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

वाऱ्यापुढे घर किती टिकेल हे पाहण्याच्या, ज्याला येथे विंड मिटिगेशन म्हणतात, त्या तपासणीचा राज्याने ठरवून दिलेला एकच नमुना आहे : ओआयआर-बी१-१८०२. तपासणी करून घ्यायला साधारण शंभर-दीडशे डॉलर लागतात आणि अहवाल पाच वर्षे चालतो. त्यात जे आढळेल त्यानुसार सवलत देणे कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. हप्त्याचा मोठा भाग वाऱ्याच्या धोक्यासाठीच असल्यामुळे ही सवलत किरकोळ नसते. तरीही वर्षानुवर्षे पूर्ण हप्ता भरणारी, एकदाही ही तपासणी न करून घेतलेली माणसे मला भेटतात, तेव्हा फार वाईट वाटते.

तपासनीस माळ्यावर चढून मुख्यतः हे पाहतो. छपराची कैची भिंतीला कशी जोडली आहे? तिरक्या ठोकलेल्या खिळ्यांवर ती नुसतीच टेकली आहे, तिला लोखंडी क्लिप आहे, की कैचीवरून पट्टी फिरवून ती दुसऱ्या बाजूलाही खिळ्यांनी पक्की केली आहे? वादळातला वारा छप्पर खाली दाबत नाही, तो ते वर उचलतो, आणि त्या वेळी सगळा ताण याच जोडावर येतो. क्लिपला आणि पट्टीला वेगवेगळी सवलत असते, आणि पट्टीच्या दुसऱ्या बाजूला एक खिळा कमी असला तर वर्ग खाली येतो. त्यानंतर छपराच्या फळ्या कोणत्या खिळ्यांनी आणि किती अंतरावर ठोकल्या आहेत ते पाहतात. मग आकार येतो. आपल्याकडे ज्याला चौपाखी छप्पर म्हणतात त्याला सवलत मिळते, दुपाखीला मिळत नाही, कारण दुपाखी छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत वारा अंगावर घेते. पण चौपाखी घराला पुढे मोठी दुपाखी पडवी काढलेली असेल, तर मोजमाप करूनच वर्ग ठरतो. शेवटी खिडक्या, दारे आणि गॅरेजचे दार. येथे बहुतेकांची निराशा होते, कारण संपूर्ण सवलतीसाठी एकूण एक उघाडीला प्रमाणित संरक्षण असावे लागते. सगळ्या खिडक्यांना झडपा आणि गॅरेजचे दार साधे, अशी स्थिती असेल तर ते गुण मिळत नाहीत.

तुमचे घर २००६ चे आहे, हे उत्तम. फ्लोरिडाची राज्यव्यापी इमारत संहिता १ मार्च २००२ पासून लागू झाली. त्यानंतरच्या परवानगीने बांधलेल्या घराचा पाया या बाबतीत मुळातच भक्कम असतो. म्हणजे तुमची अडचण घराची नसून वरच्या शिंगल्सची आहे.

छपराबद्दलचा २०२२ चा नियमही माहीत असू द्या. छप्पर १५ वर्षांहून कमी वयाचे असेल, तर केवळ वयावरून विमा नाकारता येत नाही. ते त्याहून जुने असले तरी अधिकृत तपासनिसाने अजून किमान पाच वर्षे आयुष्य आहे असे लिहून दिल्यास केवळ वयाचे कारण पुढे करता येत नाही. प्रयत्न अवश्य करा, परंतु एकोणीस वर्षांच्या फ्लोरिडाच्या उन्हानंतर असे प्रमाणपत्र मिळेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही.

छप्पर बदलायचेच ठरले, तर कंत्राटदाराशी बोलताना शिंगल्सच्या रंगाआधी तीन गोष्टी लिहून घ्या. जुने शिंगल्स उतरवल्यावर फळ्या नव्या नियमाप्रमाणे पुन्हा खिळ्यांनी पक्क्या करायच्या. फळ्यांच्या सांध्यांवर चिकट पडदा बसवून पाणी अडवायचे, म्हणजे शिंगल्स उडाले तरी पाऊस थेट घरात येत नाही आणि त्याची स्वतंत्र सवलत मिळते. आणि या दोन्ही गोष्टी झाकल्या जाण्यापूर्वी फोटो काढायचे. एकदा वर शिंगल्स बसले की खाली काय आहे हे कोणालाही सिद्ध करता येत नाही.

खाडीकाठ, २९ जानेवारी २०२५

मी निवृत्त आहे आणि केप कोरलमध्ये राहतो. घराचे कर्ज फेडून झाले आहे. २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयन चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेले, आणि तेव्हापासून हप्ता माझ्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेर चालला आहे. बँकेची सक्ती नसल्यामुळे विमा अजिबात उतरवू नये आणि तेच पैसे दरवर्षी बाजूला ठेवावेत, असा विचार मनात येतो. आमच्या गल्लीत दोघांनी असे केले आहे.

ओसरी, २९ जानेवारी २०२५

काका, तुमची ओढाताण मला समजते आणि कायदा तुम्हाला अडवत नाही. परंतु दरवर्षी सहा-सात हजार डॉलर बाजूला ठेवून घर पुन्हा बांधण्याइतकी रक्कम जमायला जन्म जाईल, आणि वादळ दुसऱ्याच वर्षी येऊ शकते. शिवाय आग, फुटलेला नळ, अंगणात कोणी घसरून पडल्यास येणारी जबाबदारी, या सगळ्यांचेही संरक्षण त्याबरोबर जाते.

सगळेच सोडण्याऐवजी एक मधला मार्ग आहे : फक्त वाऱ्याचा भाग वगळून बाकीचा विमा ठेवता येतो. त्यासाठी वाऱ्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मला नको, तो खर्च मी सोसेन, अशा आशयाचे कायद्याने ठरवून दिलेले निवेदन स्वतः लिहून सही करावी लागते. छापील कागदावरची नुसती सही चालत नाही. आपण काय सोडतो आहोत हे माणसाला लिहिता लिहिता जाणवावे, म्हणून हा नियम असावा असे मला वाटते. मी दोघांकडून असे लिहून घेतले आहे. एकाने अर्ध्यावर पेन खाली ठेवले.

गावकूस, ३० जानेवारी २०२५

खाडीकाठ यांच्या प्रश्नावर राहवले नाही म्हणून लिहिते. आमचे गाव श्रीवर्धनजवळ आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा माझे आईवडील त्याच घरात होते. कौले उडाली, माडाची झाडे आडवी झाली, आजोबांनी लावलेली पोफळीची वाडी दोन-तीन तासांत गेली. घराचा विमा नव्हता, कारण आमच्याकडे तो कोणी उतरवतच नाही. पंचनामा झाला, मदतही मिळाली, परंतु घर उभे राहिले ते भावाच्या बचतीवर आणि मी येथून पाठवलेल्या पैशांवर. त्या वर्षी वडिलांनी कधी नव्हे ते मला पैसे मागितले. काका, तुमच्यामागे असे कोणी उभे राहणार असेल, तरच हा निर्णय घ्या.

नीलमोहर, २ फेब्रुवारी २०२५

या धाग्यात अजून पुराचा उल्लेख आला नाही. आम्ही सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्समध्ये राहतो. सप्टेंबरमध्ये हेलीन चक्रीवादळाचा मध्य आमच्यापासून शंभर मैलांहून दूर समुद्रात होता, तरीही खाडीचे पाणी घरात गुडघ्याच्या वर आले. वाऱ्याने एक कौलही हलले नव्हते. घराच्या नेहमीच्या विम्यात बाहेरून चढून आलेल्या पाण्याचे नुकसान धरत नाहीत. समुद्राची लाट असो की तुंबलेला पाऊस, त्यासाठी पुराची वेगळी पॉलिसी लागते. आमच्या सुदैवाने ती होती.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमात घरासाठी जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. सामानाचा भाग वेगळा मागावा लागतो. आमच्या शेजाऱ्यांनी तो घेतला नव्हता आणि त्यांचे फर्निचर, कपडे, मुलांची पुस्तके, सगळे रस्त्याच्या कडेला गेले. नुकसान घराच्या बाजारमूल्याच्या निम्म्याहून अधिक ठरले, तर पूरक्षेत्रातले घर नव्या उंचीच्या नियमात बसवावे लागते. पॉलिसीत त्यासाठी ३०,००० डॉलरपर्यंत जादा तरतूद आहे, पण घर उचलायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. आमचा आकडा थोडक्यात निम्म्याच्या खाली राहिला. तो कळेपर्यंतचे सहा आठवडे कसे काढले, हे आमचे आम्हालाच ठाऊक.

सोनचाफा, रिव्हरव्ह्यूचा पुष्कळसा भाग धोक्याच्या पूरक्षेत्राबाहेर असला, तरी मिल्टनच्या वेळी आमच्या शहरात एका दिवसात १८ इंचांहून अधिक पाऊस पडला होता आणि तो नकाशा पाहून पडला नव्हता. पुराची पॉलिसी घेतल्यावर ती लागू व्हायला ३० दिवस जातात. वादळाचे नाव बातम्यांत आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

सोनचाफा, ९ मार्च २०२५

सर्वांचे मनापासून आभार. इतके दिवस लिहिले नाही, कारण हाती काही येण्याची वाट पाहत होते.

तपासणी झाली. कैच्यांना पट्टी फिरवलेली आहे, छप्पर चौपाखी आहे, आणि ही माहिती चौदा वर्षे आमच्याच डोक्यावर असूनही आम्हाला नव्हती. मागच्या पॉलिसीत पट्टीऐवजी क्लिपची सवलत लावलेली होती. छपराला मात्र पाच वर्षांचे प्रमाणपत्र देण्यास तपासनिसाने नकार दिला. त्याने फोटो दाखवले, आणि दक्षिणेकडच्या पाख्यावर शिंगल्सचा खरखरीत थर जागोजागी गेलेला आम्हालाही दिसला.

सिटिझन्स या राज्याच्या विमा संस्थेचा अंदाज ५,४०० डॉलर आला आहे. खासगी दर ७,१५० असताना आम्ही सिटिझन्समध्ये बसतो का? बसत असलो, तर छपरावर इतका खर्च न करता एक-दोन वर्षे तेथे काढावीत का?

ओसरी, १० मार्च २०२५

बसता. खासगी कंपनीचा दर सिटिझन्सच्या दरापेक्षा २० टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर तेथे प्रवेश नसतो. ५,४०० वर २० टक्के म्हणजे ६,४८०, आणि तुमचा खासगी दर त्याच्या पुढे आहे.

सिटिझन्स ही राज्याने २००२ साली स्थापन केलेली संस्था आहे. ज्यांना अन्यत्र विमा मिळत नाही, त्यांच्यासाठी ती शेवटचा आसरा आहे. २०२३ मध्ये तिच्याकडे १४ लाखांच्या आसपास पॉलिसी झाल्या होत्या, आणि गेल्या वर्षाच्या अखेरीस त्या १० लाखांच्या खाली आल्या. हे ग्राहक स्वतःहून गेले असे समजू नका. खासगी कंपन्या त्यांतून घरे निवडून घेतात, आणि तुम्हाला आलेला प्रस्ताव सिटिझन्सच्या नूतनीकरणाच्या दरापेक्षा २० टक्क्यांच्या आत असेल, तर राहत्या घराला तेथे थांबता येत नाही. असे पत्र वर्षभरात केव्हाही येऊ शकते, त्यावर उत्तराची मुदत असते, आणि जाहिरात समजून ते फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोठ्या वादळानंतर सिटिझन्सची गंगाजळी आटली, तर सर्वांत आधी तिच्याच ग्राहकांकडून हप्त्याच्या १५ टक्क्यांपर्यंत अधिभार घेतला जातो. त्यातूनही भागले नाही, तर राज्यातील इतर विमाधारकांवर आकारणी होते. दुसरे म्हणजे तिच्या ग्राहकांना पुराची पॉलिसी टप्प्याटप्प्याने सक्तीची होत आहे. ४,००,००० डॉलर आणि त्यावरील घरांना ती १ जानेवारी २०२६ पासून लागू होईल, म्हणजे पुढच्या नूतनीकरणाला तुम्हालाही. २०२७ पासून ती सर्वांना आहे.

तुमचे छप्पर तसेही दोन-तीन वर्षांत बदलावे लागणार आहे. सिटिझन्समध्ये जाऊन तुम्ही तोच खर्च पुढे ढकलाल आणि दरम्यान जादा हप्ता भराल. पैसे हाताशी असतील, तर आताच बदला असे मी सांगेन. नसतील, तर सिटिझन्समध्ये जाण्यात कमीपणा नाही.

तिठा, ११ मार्च २०२५

राज्याच्या माय सेफ फ्लोरिडा होम योजनेबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. त्यात तपासणी मोफत आहे, आणि सुधारणांसाठी मालकाच्या प्रत्येक डॉलरमागे राज्य दोन डॉलर देते, कमाल १०,०००. घराची मूळ परवानगी १ जानेवारी २००८ पूर्वीची असावी लागते, ती तुमची आहे. मात्र निधी भराभर संपतो, कमी उत्पन्नाच्या आणि ज्येष्ठ अर्जदारांना आधी घेतात, आणि मंजुरी मिळण्यापूर्वी सुरू केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत. २४ मे तारीख डोक्यावर असताना तुम्ही यावर अवलंबून राहू नये. खाडीकाठ काकांनी मात्र अर्ज करून ठेवावा.

ओसरी यांना एक प्रश्न आहे. स्वस्त दर देणाऱ्या या लहान कंपन्यांची नावे मी कधी ऐकलेली नाहीत. उद्या त्यांतली एखादी बुडाली तर?

ओसरी, ११ मार्च २०२५

राज्याची परवानाधारक कंपनी बुडाली, तर फ्लोरिडा इन्शुरन्स गॅरंटी असोसिएशन दावे भागवते. घरविम्यात साधारण मर्यादा ३,००,००० डॉलरची असून बांधकाम आणि सामानासाठी आणखी २,००,००० पर्यंत मिळू शकतात. पैसे मिळतात, पण उशिरा मिळतात, आणि छपराला भोक असताना उशीर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. सरप्लस लाइन्स प्रकारच्या, म्हणजे राज्याच्या नेहमीच्या परवान्याबाहेर राहून विमा देणाऱ्या, कंपन्यांना हे संरक्षण नाही. त्यांचा दर पाहताना ही गोष्ट पॉलिसीवर लिहिलेली असते, ती वाचा. कंपनीचे मानांकन पाहावेच, परंतु बुडालेल्या काही कंपन्यांनाही शेवटच्या काही महिन्यांपर्यंत चांगले मानांकन होते, हेही मी अनुभवाने सांगतो.

दरापेक्षा पॉलिसीतल्या या जागा अधिक काळजीपूर्वक वाचा. छपराची भरपाई नव्या किमतीने आहे, की वयानुसार कापून? नळगळतीच्या नुकसानीला १०,००० ची मर्यादा घातली आहे का? जुने घर नव्या संहितेप्रमाणे बांधण्याचा वाढीव खर्च २५ टक्के धरला आहे की ५०? जाळीचा पिंजरा आहे की वगळला आहे? वाद झाल्यास न्यायालयात जाण्याऐवजी लवादाची सक्ती मान्य करून सवलत घेतली आहे का? हजार डॉलर स्वस्त असलेली पॉलिसी बहुधा यांपैकी कशात तरी हजारांहून अधिक काढून घेते.

पाणंद, १५ मार्च २०२५

आम्ही न्यू ऑर्लिन्सजवळ राहतो. आमच्या लुइझियाना राज्यात २०२० मध्ये लॉरा आणि २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा चक्रीवादळ आले, आणि त्यानंतर डझनभर कंपन्या बुडाल्या. येथेही छप्पर मजबूत करण्यासाठी राज्य १०,००० डॉलरपर्यंत अनुदान देते, पण त्याची सोडत निघते. आमचे नाव दोनदा आले नाही. उंबरठा यांनी सांगितलेला चिकट पडदा आम्ही शेवटी स्वखर्चाने बसवून घेतला.

सोनचाफा, १८ मे २०२५

खाडीकाठ काका, आपण काय ठरवले ते जरूर कळवा. मला तुमची काळजी वाटते.

आम्ही छप्पर बदलले. १९,८०० डॉलर लागले आणि त्यासाठी यंदाची भारताची फेरी रद्द केली. सासूबाईंनी ते फार समजूतदारपणे घेतले. कंत्राटदाराने चिकट पडदा न बसवताच शिंगल्स चढवायला घेतले होते. उंबरठा यांनी सांगितले नसते, तर आम्ही खालूनच पाहत राहिलो असतो. मी शिडीवर चढून काम थांबवले, करारातली ओळ दाखवली आणि दुसऱ्या दिवशी पडदा बसल्यावर प्रत्येक पाख्याचे फोटो काढले. काउंटीची अंतिम तपासणी होऊन परमिट बंद व्हायला अकरा दिवस गेले, आणि ते बंद झाल्याशिवाय नवी कंपनी छप्पर नवे मानायला तयार नव्हती. ज्यांची तारीख जवळ आहे त्यांनी हे दिवस हिशेबात धरावेत.

नव्या अहवालावर तीन कंपन्यांनी दर दिले. सर्वांत कमी ३,२६० चा होता, पण त्यात नळगळतीला मर्यादा होती आणि लवादाची सक्ती होती. आम्ही ३,९४० ची पॉलिसी घेतली. चक्रीवादळाचे डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे ८,६०० डॉलर आहे. छपराची भरपाई नव्या किमतीने आहे आणि वाढीव बांधकामखर्च २५ टक्के धरला आहे. पिंजरा वगळलेला आहे. जुनी पॉलिसी संपते त्याच दिवशी, २४ मे रोजी, ही सुरू होईल. बँकेला नवा कागद पाठवला आणि तो मिळाल्याचे लेखी उत्तरही मागून घेतले.

नीलमोहर, पुराचे तुम्ही फेब्रुवारीत लिहिले होते आणि मी ते छपराच्या गडबडीत मागे टाकले, याचे आता वाईट वाटते. पॉलिसी १५ मे रोजी घेतली, घर आणि सामान दोन्हींसाठी. ३० दिवस मोजले तर ती १४ जूनला लागू होते. हंगामाचे पहिले तेरा दिवस आम्ही त्याविना आहोत. सामानाचे फोटो खोलीनिहाय काढून झाले आहेत, आणि कागदपत्रे वरच्या कपाटात ठेवली आहेत.

नीलमोहर, १८ मे २०२५

कागदपत्रे ओकालाच्या पिशवीत ठेवा, कपाटात नको.